चौथ्या पेटीतले पिवळे पट्टे

१

टेर्नो बेटावर खून कधी झाला नव्हता. चोरी झालीच तर सायकलची, आणि ती सायकलही दुसऱ्या दिवशी चर्चच्या भिंतीला टेकलेली सापडायची. त्यामुळे जूनमधल्या त्या सकाळी मधपाळ संघाचा अध्यक्ष आस्गर व्हिलुम चेहऱ्यावरची जाळी न काढताच कार्ना लुंगबोच्या बागेतून रस्त्यावर धावत आला, तेव्हा पाहणाऱ्यांना वाटलं, म्हातारी गेली.

म्हातारी गेली नव्हती. ती काठी टेकत त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत आली होती.

"ती जाळी तरी काढ मेल्या, गाई बुजतील!" ती ओरडली.

आस्गरच्या मुठीत काड्यापेटी होती आणि काड्यापेटीत एक मेलेली मधमाशी. त्याने ती आधी दुकानदारणीला दाखवली, मग पोस्टात, मग पास्टरीणबाईंना. सगळ्यांनी वाकून पाहिलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. माशीच्या पोटावर दोन पिवळे पट्टे होते.

काटेगाटच्या समुद्रातलं हे बेट काळ्या माशीचं. पलीकडे मुख्य भूमीवर दक्षिणेकडची गोजिरवाणी पिवळी माशी येऊन जमाना झाला. तिने तिथल्या जुन्या काळीला कधी गिळलं हे कुणाला कळलंसुद्धा नाही. टेर्नोवर मात्र ती शिल्लक राहिली. रागीट, काटक, वाऱ्यापावसाला न जुमानणारी, थोडक्यात बेटावरच्या माणसांसारखीच. धक्क्यावर उतरल्याबरोबर पाटी दिसे: 'या बेटावर परकी मधमाशी आणण्यास मनाई आहे.' आणि बेटावर दारू सोडलेली माणसं थोडी असतील, पण त्या पाटीचा नियम मोडलेला माणूस एकही नव्हता. आजवर.

कारण भीती माशीची नव्हती, लग्नाची होती. राणीमाशी आयुष्यात एकदाच, कोवळेपणी, लग्नाला बाहेर पडते, आणि ते लग्न उंच हवेत लागतं. तिथे ना पास्टर, ना साक्षीदार. बेटाच्या हवेत पिवळे नर फिरत असतील तर कुणाच्या राणीने कुणाशी संसार मांडला, ते देवच जाणे.

संध्याकाळी गावसभागृहात संघाची बैठक झाली. कॉफी कडू होती, ठराव त्याहून कडू. सांक्त हान्सच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या संध्याकाळी किनाऱ्यावर दरवर्षी मोठी शेकोटी पेटते आणि तिच्यात गवताची चेटकीण जाळतात. यंदा चेटकिणीच्या खाली कार्नाबाईंच्या नऊच्या नऊ पेट्या रचायच्या, माश्यांसकट. रोग मुळातून गेलेला बरा.

"आणि मी?" मागच्या बाकावरून कार्नाबाईंनी विचारलं. "मी चेटकिणीच्या शेजारी बसू, का तिच्या मांडीवर?"

एवढंच ठरलं की पेटवण्याआधी विद्यापीठातल्या बाईंना बोलवायचं. त्यांनी दुसरं काही सिद्ध केलं तर ठीक.

शेकोटीला चार दिवस होते.

२

त्या बाईंचं नाव डॉ. राग्ना होल्मस्ट्रुप. कुठली गोष्ट कुठून निघून कुठे आणि कशी पसरते, हे शोधणं हा त्यांचा धंदा. बुटाच्या चिखलातून गेलेला बटाट्याचा रोग, कुंडीतून गेलेली गोगलगाय, लग्नाच्या पुष्पगुच्छातून गेलेलं तण, असल्या प्रवाशांच्या मागे त्यांची अर्धी नोकरी गेली होती. एवढ्या वर्षांत माणसांचा जमाखर्च त्यांच्या मनात पक्का झाला होता. वाईट हेतूने माणूस फार थोडं पसरवतो. बहुतेक सगळं तो भेट म्हणून नेतो.

बोटीवर त्या कप्तानाच्या खोलीतच बसल्या. कप्तान सोफुस ग्रोन हा साठीचा, ऐसपैस, आयुष्यभर एकटा राहिलेला गडी. बोलायला सुरुवात करायला त्याला वेळ लागे, आणि थांबायला त्याहून जास्त.

"माझ्या बोटीतून परकी माशी गेलेली नाही, बाई," तो म्हणाला. "बायबलवर हात ठेवून सांगतो. एकदा एका पाहुण्याच्या गाडीत एक घोंघावत होती. मी बोट थांबवली, गाडीची चारी दारं उघडली आणि तिला समुद्रावर हाकलली. पाहुणा म्हणाला, अहो, ही घरमाशी आहे. म्हटलं, असू दे. आपल्याकडे चौकशी सगळ्यांची होते."

"मग ती उडत आली असेल?"

"एवढं पाणी ओलांडून? बदकं दमतात." त्याने पुढे बोट दाखवलं. "आज निदान बेट दिसतंय. गेल्या जुलैत यायला हवं होतं तुम्ही. समुद्रावरचं धुकं जे आलं ते उठेचना. मी भोंगा वाजवत बोट हाकायचो आणि धक्का हाताने चाचपायचो. आणि पलीकडे मुख्य भूमीवर, आत माझ्या बहिणीकडे, उन्हाने टोमॅटो फुटत होते! एकाच देशात बघा कसा न्याय."

"कार्नाबाईंबद्दल काय वाटतं?"

सोफुसने सुकाणूकडे जरा जास्तच लक्ष दिलं.

"ती असलं काही करणार नाही," तो म्हणाला. "ज्याने केलंय तो माझ्या हाती लागू दे. त्याला मी पोहायला लावीन."

३

कार्नाबाईंनी आधी काळा पाव, चीज आणि कॉफी पुढे ठेवली आणि राग्नाबाईंनी दुसरा तुकडा घेईपर्यंत पेट्यांचं नाव काढू दिलं नाही. उपाशी माणसाचा निकाल तिखट येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आस्गर दाराशीच उभा राहिला. आरोप केलेल्या घरात बसणं त्याला बरं दिसेना, आणि पाव तर दिसत होता.

"बस रे," कार्नाबाई म्हणाल्या. "माझ्या पेट्या जाळणार आहेस, निदान माझं लोणी तरी खाऊन जा."

तो बसला. खाल्लंही.

बागेत एल्डरच्या झुडपाला लागून चौथी पेटी होती. राग्नाबाईंनी धूर दिला, झाकण काढलं आणि एकेक चौकट उचलून उन्हाकडे धरली. कामकरी माश्या पाहिल्या, काही नळीत घातल्या. पिवळे पट्टे. दुसरी चौकट, पिवळे पट्टे. तिसरी, चौथी... त्या बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या आणि ते त्यांना सापडलं नाही.

"एकही काळी नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"तेच तर सांगतोय!" आस्गर म्हणाला.

"पण नर काळे आहेत."

आस्गर फुरफुरला. "नरांचं काय घेऊन बसलात! शेजारच्या पेटीतले असतील. नर कुणाच्याही घरी जेवतात, कुणी हाकलत नाही."

"ते मला दिसलंच," राग्नाबाई त्याच्या मिशीला लागलेल्या लोण्याकडे पाहून म्हणाल्या. मग त्यांनी चाकूने नरांची बंद मेणघरं अलगद कापली आणि आतली अजून न जन्मलेली, फिकट पोरं नळीत घातली. "ही मात्र अजून जेवायला कुठे गेलेली नाहीत. ही याच घरची."

बाकीच्या आठ पेट्या पाहिल्या. सगळ्या काळ्याकुट्ट, सगळ्या रागीट. राग्नाबाईंना तीनदा दंश झाला आणि त्यांनी तीनदा समाधानाने मान हलवली.

"या चौथ्या पेटीतली राणी कधीची?"

"तीच तर गंमत," कार्नाबाई म्हणाल्या. "गेल्या साली जूनच्या शेवटी मी शिडीवरून पडले आणि खुबा मोडला. पलीकडच्या हॉस्पिटलात दोन महिने होते. पडले त्याच आठवड्यात या पेटीतली म्हातारी राणी मेली होती. घरात नवी वाढत होती, पण कुमारी. मनात म्हटलं, ही पेटी गेली. ऑगस्टात परत येऊन बघते तर राणी अंडी घालतेय, पेटी गजबजलेली! देवाने सांभाळली म्हणायची मी. आता वाटतं, देवाने नसती सांभाळली तर बरं."

"पिवळेपणा कुणालाच दिसला नाही?"

"माझे डोळे म्हातारे. मला हलतं तेवढं कळतं. आणि अध्यक्ष काल पहिल्यांदा वाकले."

"तुम्ही नव्हता तेव्हा पेट्या कोण बघत होतं?"

"सगळेच. किल्ली कुंडीखाली असते. आस्गर अध्यक्ष म्हणून यायचा, पास्टरीण फुलांना पाणी घालायची, तो कोपनहेगनचा जेपे गवत कापायचा. सोफुस दर आठवड्याला हॉस्पिटलात येऊन गावच्या बातम्या सांगायचा. द्राक्षं आणायचा आणि स्वतःच खायचा."

"या राणीच्या पोटची नवी राणी कुठे गेली आहे का? थवा उठला?"

"छे! राणीघरं दिसली की लगेच चिमटून टाकते. थव्यामागे धावायला या खुब्याला सांगा."

राग्नाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. नळ्यांचा डबा त्यांनी त्याच संध्याकाळी सोफुसच्या हाती दिला. त्याने तो कडेवरच्या पोरासारखा सांभाळून पलीकडे नेला.

बागेतून निघताना छपरीत फळीवर त्यांना एक पेटी दिसली. पावाच्या डब्याएवढी, नव्या राणीला मूठभर माश्यांसोबत वेगळं ठेवतात तसली. झाकण दोरीने बांधलेलं होतं. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं, पण तेवढ्यात आस्गरने त्यांची बाही धरली.

"बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गुन्हेगार मला ठाऊक आहे. जेपेच्या कोठारात चला. तिथे एक पिवळी मधपेटी लपवलेली आहे."

४

पेटी खरोखरच होती. पिवळी, ताडपत्रीखाली.

जेपे दोन वर्षांपूर्वी कोपनहेगनहून आला होता आणि पाहुण्यांसाठी घर चालवत होता. बेटाच्या हिशेबात दोन वर्षांचा माणूस म्हणजे अजून बोटीतून उतरलेलाच नसतो. तो ताडपत्रीकडे बघून कानापर्यंत लाल झाला.

"पलीकडच्या जुन्या बाजारातून आणली. रिकामी! तिचं पुस्तकांचं कपाट करायचं होतं."

"रिकामी!" आस्गर म्हणाला. "आणि लपवली का?"

"कारण तुम्ही इथे असता!"

राग्नाबाईंनी आत हात घातला, कोपऱ्यांतून नख फिरवलं, मग नखाचा वास घेतला. "माश्या एक ऋतू जरी राहिल्या तरी फटीफटीत डिंक भरून ठेवतात. तो खरवडूनही जात नाही. इथे उंदराचं घरटं आहे आणि कोळ्याचं जाळं. अध्यक्ष, इथे उंदराशिवाय कुणी नांदलेलं नाही."

जेपेला इतकं हायसं वाटलं की तो बोलतच सुटला. "आणि गेल्या जुलैत इथे माशी कशाला राहील हो? माणसं राहिनात! महिनाभर धुकं. पाहुणे खिडकीशी बसून पत्ते खेळायचे आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे यावर पैज लावायचे. एकाने तर परत जाताना लिहून ठेवलं, बेट छान असावं."

पास्टरीण थीरा यांच्याकडेही तेच रडगाणं, फक्त जास्त हसत. "जुलैत माझ्याकडे एकच लग्न होतं. नवरीचा हट्ट, टेकडीवर उघड्या हवेत लावायचं. एवढं दाट धुकं की नवरदेव तिच्या मावशीचा हात धरून उभा! मी प्रश्न विचारला, मावशी 'हो' म्हणून मोकळी झाली. शेवटी सगळ्यांना हाताला धरून चर्चमध्ये आणलं. त्या महिन्यात या बेटावर बाहेर लग्न लागणं शक्यच नव्हतं."

राग्नाबाईंचा कॉफीचा कप ओठांशी येऊन थांबला.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

"मावशीचं?"

"नाही. शेवटचं."

पण तेवढ्यात खिडकीबाहेर हातगाड्यांचा खडखडाट झाला. संघाचे तीन गडी किनाऱ्याच्या दिशेने लाकडं नेत होते. सगळ्यात पुढच्या गाडीवर गवताची चेटकीण बसली होती, आणि तिला कुणीतरी खोडसाळपणे मधपाळाची जाळी चढवली होती.

५

निकाल सांक्त हान्सच्या दिवशी दुपारी फोनवर आला. राग्नाबाई कार्नाबाईंच्या बागेत होत्या. ऐकत असताना त्यांनी दोनदा "नक्की?" विचारलं, तेव्हा फाटकापाशी जमलेले लोक आणखी पुढे सरकले. हातगाड्या आता रिकाम्या होत्या आणि पेट्या न्यायलाच आल्या होत्या.

"चौथ्या पेटीतल्या कामकरी माश्यांचे बाप पिवळे आहेत," राग्नाबाईंनी सांगितलं. "सगळे. राणी लग्नाला जाते तेव्हा एकाशी थांबत नाही, दहा-बाराजणांशी संसार करून येते. त्या दहा-बारांत टेर्नोचा एकही नाही."

"मग झालं तर!" आस्गर म्हणाला. "उचला रे."

पहिल्या पेटीजवळ जाऊन कार्नाबाईंनी झाकणावर हात ठेवला. एवढ्या दिवसांत त्यांना सगळ्यांनी बोलताना पाहिलं होतं, गप्प पहिल्यांदाच पाहिलं. गाडीवाल्यांपैकी एकजण मान खाली घालून दोरीशी उगाच खेळू लागला.

राग्नाबाई शांतपणे चौथ्या पेटीवर जाऊन बसल्या. खरोखर बसल्या, झाकणावर. आतून संतापाची घूंघूं सुरू झाली.

"अध्यक्ष, एक विचारते. गेल्या जुलैत तुम्ही दर आठवड्याला पेट्या उघडून बघितल्या?"

"अर्थात. ते माझं कर्तव्य."

"धुक्यात? थंड, ओल्या हवेत? उघड्या पेटीतली पोरं गारठून मेली असती."

आस्गरने मिशी चाचपली. मग टोपी. चाचपण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, "धुक्यात उघडायच्या नसतात. शहाणा माणूस उघडत नाही."

"म्हणजे आलाच नाहीत."

"फाटकापर्यंत आलो होतो."

फाटकापाशी कुणीतरी खोकलं. राग्नाबाईंनी मनातल्या मनात त्याच्या नावापुढची शंका खोडली. खोटं बोलला, पण आळस लपवायला. आळशी माणसाला असली उठाठेव जमत नाही.

"शेकोटी पेटते संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "तोवर पेट्यांना कुणी हात लावणार नाही, नाहीतर मी उठते आणि झाकण सोबत घेऊन उठते. गाव किनाऱ्यावर जमू दे. आणि शेवटची बोट पलीकडून आली की कप्तानाला म्हणावं, नांगर टाकून तसाच ये. त्याच्याशिवाय चेटकीण जळायची नाही."

६

जूनमधला सूर्य संध्याकाळीही हटत नाही. किनारा सोनेरी झाला होता. मुलं काठ्यांना पावाची कणीक गुंडाळून बसली होती आणि चेटकीण लाकडांच्या ढिगावर जाळी घालून विस्तवाची वाट पाहत होती. नऊ पेट्या ढिगापासून चार पावलांवर होत्या. कार्नाबाई त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या, जणू फोटो काढायचा होता.

"आधी नरांचं," राग्नाबाईंनी सुरुवात केली. "मधमाशीच्या नराला बाप नसतो. राणी न फळलेलं अंडं घालते, त्यातून नर होतो. म्हणजे नराच्या अंगात जे असतं ते सगळं आईचंच. चौथ्या पेटीतली न जन्मलेली नरपोरं मी तपासली. शंभर नंबरी टेर्नो. तेव्हा राणी परकी नाही. ती इथलीच, त्याच पेटीत जन्मलेली."

कुजबूज झाली.

"मग पिवळे बाप आले कुठून? तुम्ही म्हणता, कुणीतरी चोरून पिवळी पेटी आणली. समजा आणली. तरी बेटाच्या हवेत काळे नर ढगासारखे, पिवळे चार-दोन. मग दहा-बारा नवऱ्यांत एकही इथला नाही, असं होईल? गावातल्या पोरीने गावच्या नाचात रात्रभर नाचावं आणि गावच्या एकाही पोराशी गाठ पडू नये, असं कधी झालंय?"

"माझ्या बाबतीत झालंय," पास्टरीण म्हणाल्या आणि सगळे हसले. ताण जरा सैलावला.

"आता तुम्ही सगळ्यांनी मला न मागता दिलेली साक्ष. धुकं! जेपेच्या पाहुण्यांना समुद्र दिसेना, पास्टरीणबाईंच्या नवरदेवाला नवरी दिसेना. राणी उडते ती उन्हात, शांत हवेत, आणि तेही कोवळेपणीच्या थोड्या आठवड्यांत. तो वेळ टळला की ती जन्माची वांझ. गेल्या जुलैत या बेटावर राणीचं लग्न लागणं शक्यच नव्हतं. तरी लागलं. म्हणजे ते बेटावर लागलं नाही. जिथे ऊन होतं आणि जिथे फक्त पिवळे नर होते, तिथे लागलं."

आस्गरचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे आपली राणी पलीकडे..."

"गेली आणि परत आली. लहानशा पेटीतून. ती पेटी अजून छपरीत आहे. झाकण ज्या गाठीने बांधलंय ती मधपाळाची गाठ नाही, बोट धक्क्याला बांधतात ती आहे." त्या वळल्या. "तिकडे टोमॅटो फुटत होते, नाही का कप्तान?"

सगळ्यांच्या माना फिरल्या. सोफुस ग्रोन हातात टोपी घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर पकडलेल्या चोराचे भाव नव्हतेच. मोठं गणित हळूहळू सुटत जावं आणि उत्तर आपलंच नाव निघावं, तसा तो दिसत होता.

"अरे देवा," तो म्हणाला. "पण ती तर आपली होती!"

"तेच."

"मी परकी माशी आणली नाही! आपलीच नेली, आपलीच आणली. बहिणीच्या परसात दोन आठवडे ठेवली, ऊन खायला, आणि परत तिच्या पेटीत सोडली. पाटीवर लिहिलंय परकी..." तो थांबला. त्याचा आवाज खाली गेला. "ती रिकामी गेली होती. येताना पोटात सगळं पलीकडचं घेऊन आली. आणि मी गावभर गुन्हेगार शोधत फिरतोय. तुमच्या नळ्यासुद्धा मीच नेल्या."

"सांभाळून नेल्यात. त्याबद्दल आभार."

"पण का रे?" कार्नाबाईंनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

सोफुस टोपीशीच बोलला. "तू हॉस्पिटलात खुब्यासाठी रडली नाहीस. चौथी पेटी गेली म्हणून रडलीस. म्हटलं, परत येशील तेव्हा ती गजबजलेली असावी."

"मग सांगायचं नाहीस? मी वर्षभर देवाचे आभार मानतेय!"

"सांगितलं असतं तर उपकार झाला असता," सोफुस म्हणाला. "तू उपकार ठेवून घेत नाहीस. दुसऱ्या दिवशी मधाची बरणी आणून दिली असतीस आणि हिशेब मिटला असता."

मग आस्गरने घसा साफ केला. अध्यक्षपदाचा घसा.

"हेतू काहीही असो. पिवळं रक्त बेटावर आलं ते आलं. पेट्या..."

"कुठे आलं?" राग्नाबाईंनी विचारलं. "हिशेब करू या. हवेत पिवळा नर एकही उडाला नाही, म्हणून बेटावरच्या बाकीच्या सगळ्या राण्या स्वच्छ. कार्नाबाईंच्या आठही. चौथ्या पेटीतल्या कामकरी पिवळ्या, पण त्यांची लग्नं होत नाहीत, त्या राबून मरतात. नर निघाले ते आईवर गेलेले, शुद्ध टेर्नो. धोका फक्त लेकी राण्या झाल्या असत्या तर होता. आणि त्या प्रत्येक वेळी कार्नाबाईंनी चिमटून टाकल्या."

"खुब्यामुळे," कार्नाबाई म्हणाल्या.

"त्या खुब्याचे आभार माना. गळती सुरू व्हायच्या आधीच बूच लागलं होतं. तुमच्या नावे खर्च फक्त एका राणीचा."

मग गाडीवाल्यांपैकी एकाने, त्याच दोरीशी खेळणाऱ्याने, न सांगता पहिली पेटी उचलली आणि तो कार्नाबाईंच्या घराच्या दिशेने चालू लागला. दुसऱ्याने दुसरी. पास्टरीणबाई तिसरीला हात लावायला गेल्या आणि डसवून घेऊन आल्या. जेपे चौथीजवळ गेला, थबकला, आणि आस्गरने त्याच्या पलीकडची बाजू धरली.

"नीट धर," आस्गर गुरगुरला. "शहरातल्यासारखी नको धरू."

चेटकीण एकटीच जळली. जाळी मात्र आधी काढून घेतली होती, कारण ती आस्गरची निघाली.

७

दोन दिवसांनी सकाळची बोट सुटायला थोडा वेळ होता. धक्क्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती आणि प्रत्येकाकडे तिथे असण्याचं काहीतरी कारण होतं. कुणाचं पार्सल यायचं होतं, कुणाला मासळी हवी होती.

चौथ्या पेटीत पाचव्या पेटीतली अंड्यांची चौकट ठेवली होती. नवी राणी तिच्यातून होईल, आणि आकाश तर आताच लग्नघरासारखं स्वच्छ होतं. जुनी राणी कार्नाबाईंच्या मांडीवर होती, पावाच्या डब्याएवढ्या पेटीत, चार पिवळ्या सखींसोबत. तिला मारायचं नाही, यावर कार्नाबाई अडून बसल्या होत्या. "तिने काय केलं? नेलं तिकडे गेली, आणलं तिकडे आली. लग्न तिकडचं झालंय ना, मग तिकडेच नांदू दे. पोरीला सासरी धाडायला एवढा उशीर कुणी करतं का?" सोफुसच्या बहिणीने परसातली जागा झाडून ठेवली होती.

राग्नाबाई सामान घेऊन आल्या तेव्हा आस्गर शिडीवर चढून पाटी रंगवत होता. 'परकी मधमाशी आणण्यास मनाई' याच्या खाली ताजं, ओलं अक्षर होतं: 'इथली बाहेर नेऊन परत आणण्यासही.'

"या पाटीवर विद्यापीठाचा काही आक्षेप?" त्याने वरून विचारलं.

"काही नाही. अक्षरही छान आहे."

आस्गर इतका खूश झाला की त्याने ब्रश डब्याऐवजी खिशात ठेवला.

कार्नाबाई काठी टेकत फळीवरून बोटीत चढल्या. हॉस्पिटलातून आल्यापासून त्यांनी बेट सोडलं नव्हतं. सोफुसने हात पुढे केला, त्यांनी तो धरला, आणि आत पोचल्यावरही सोडायला विसरल्या. मग त्यांनी मागे वळून पाटीकडे पाहिलं, सावकाश, एकेक अक्षर.

"काय रे आस्गर," त्यांनी हाक मारली, "मी पलीकडे जाऊन संध्याकाळी परत आले तर चालेल ना? का मीही इथे नियमबाह्य?"

धक्का हसला. आस्गर शिडीवर लाल झाला आणि खिशातला ब्रश आठवून आणखी लाल झाला.

"रिकाम्या हाताने आलीस तर चालेल!" तो ओरडला.

"त्याचं मी काही वचन देत नाही," कार्नाबाई म्हणाल्या आणि कप्तानाच्या खोलीत जाऊन बसल्या.

सोफुसने भोंगा वाजवला. धुकं कुठेही नव्हतं. पलीकडचा किनारा इथूनही स्पष्ट दिसत होता, आणि भोंग्याची काहीएक गरज नव्हती.